रस्ता विक्रमी वेळेत झाला, रस्त्याकडेच्या जमिनीचं काय?

जून 2022 आठवतोय? अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. (75 किलोमीटर हा एका लेनचा हिशेब. दोन लेनचा रस्ता म्हणून मोजला तर 37.5.) तेव्हा निम्म्या वऱ्हाडाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर तोच फोटो होता, माझ्याही.

आता याच महामार्गाने मूर्तिजापूरहून अकोल्याकडे या आणि रस्त्यापेक्षा रस्त्याच्या कडेला बघा. ढाबा, लॉन, पेट्रोल पंप, गोदाम, मध्येच 'रोडटच प्लॉट'ची पाटी. प्रत्येकाचं तोंड थेट महामार्गावर. रस्ता किती लेनचा, हे ठरवायला यंत्रणा होती. त्याच्या दोन्ही बाजूंना काय उभं राहावं आणि तिथली गाडी रस्त्यावर कुठून यावी, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं, असं चाललंय.

दुकान झालं तर बिघडलं कुठे?

दुकानाने बिघडत नाही, त्याच्या तोंडाने बिघडतं. चौपदरी रस्त्याला मध्ये डिव्हायडर असतो. लॉनमधून निघालेल्या दुचाकीवाल्याला पलीकडच्या बाजूने जायचं असेल आणि कट लांब असेल, तर तो काय करतो? राँग साईडने येतो. समोरून कार ताशी 100 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर येत असते. या वेगाची गाडी सुरक्षित थांबायला 180 मीटर लागतात, असं भारतीय रस्ते मानक सांगतं. हे गणित मी इंजिनिअरिंगला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. खरं कळलं ते बातमीदारी करायला लागल्यावर, कारण अपघाताच्या बातमीत 'विरुद्ध दिशेने आलेल्या दुचाकीला' हे शब्द किती वेळा टाईप केले, त्याचा हिशेब नाही. त्या स्वाराला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. पण लॉन उभं राहिलं, त्याच दिवशी तो राँग साईडने येणार हे ठरलं होतं.

अकोल्याने हे आधी पाहिलंय

जुना राष्ट्रीय महामार्ग 6, म्हणजे आताचा 53, एकेकाळी शहरातूनच जायचा. जड वाहतूक बाहेरून जावी म्हणून बायपास झाला. आज 'वाशीम बायपास' हा शहरातला चौक आहे, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे. 2016 च्या हद्दवाढीत शिवणी, उमरी, मलकापूर, खडकी ही गावं महापालिकेत आली. म्हणजे वस्ती आधी झाली आणि नियोजनाची जबाबदारी मागून आली. आता चौपदरी रस्त्याच्या कडेला तेच होऊ दिलं, तर काही वर्षांनी बायपासला बायपास मागावा लागेल. त्यासाठी पुन्हा कुणाची तरी काळी जमीन जाईल.

कायदा नाही का?

आहे, आणि एक नाही, बरेच आहेत. रस्ते मानकानुसार मोकळ्या भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरच्या आत बांधकाम नको आणि 75 मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण हवं. महामार्गावर तोंड उघडायला 2002 च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्यानुसार परवानगी लागते. जमिनीचा वापर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली ठरतो. अडचण अशी की रस्त्याचा पट्टा महामार्ग प्राधिकरणाचा, त्याबाहेरच्या जमिनीचा वापर महसूल आणि नगररचनेकडे, शहरात महापालिका आणि औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर दिसत नाही.

मागच्या वावराचं काय?

याची चर्चा सगळ्यात कमी होते. रोडटच एकर विकणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. सोयाबीन-कपाशीने जे दिलं नाही, ते त्याला त्या एका व्यवहारात मिळतं. पण पुढे ले-आउट पडलं की मुरूम टाकून जागा उंच होते, नाली बुजते आणि पावसाचं पाणी मागच्या वावरात साचतं. काळ्या मातीत ते लवकर जिरतही नाही. पांदण रस्ता कंपाउंडमध्ये अडकला, तर ट्रॅक्टर न्यायचा कुठून? पुढच्याला कोटीचा भाव आणि मागच्याला तहसीलच्या चकरा, तेही दोघांचा धुरा एकच असताना.

मग उपाय?

समृद्धीसारखं दोन्ही बाजूंनी कुंपण इथे चालणार नाही. बोरगाव मंजू, कुरणखेडसारख्या गावांचं रोजचं जाणं-येणं याच रस्त्यावरून आहे. इथे हवा सलग सर्व्हिस रोड आणि सगळ्या प्लॉटची तोंडं त्यावर. त्याला जमीन नगर रचना योजनेतून मिळू शकते. सगळे आपापल्या जमिनीचा काही हिस्सा देतात, त्यातून रस्ते-नाल्या होतात आणि प्रत्येकाला, मागच्यालाही, रस्ता असलेला प्लॉट परत मिळतो. अहमदाबादने सुमारे 76 किलोमीटरच्या रिंग रोडसाठी बरीचशी जमीन याच मार्गाने मिळवली. ही पद्धत परकी नाही, 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासूनची आहे. शेतकऱ्याला भीती वाटणार की हिस्सा जाईल आणि प्लॉट कधी मिळेल कोण जाणे. ती भीती रास्त आहे. म्हणून मुदत लेखी हवी आणि या पट्ट्यापुरतं उत्तर देणारं एकच नियोजन प्राधिकरण हवं. हे काम ले-आउट पडायच्या आधीच होऊ शकतं. बांधकामं उभी राहिल्यावर जमीन एकत्र करायला कुणी तयार होत नाही.

तोवर कुणी 'हायवे टच' प्लॉट दाखवला, तर मंजूर ले-आउटचा नकाशा मागा. रस्त्याच्या मध्यापासूनचं अंतर स्वतः टेपने मोजून घ्या. आणि महामार्गावर तोंड उघडायची परवानगी कुणाच्या नावावर आहे, तो कागद बघा. 'होऊन जाईल भाऊ' असं उत्तर आलं, तर कागद नाही असं समजा.