कृषिमंत्र्यांचा शब्द आणि कापसाचे दार

पत्रिका उसाची आणि आम्ही लिहितो आहोत कापसावर. पण वरोऱ्याकडे नुसत्या उसावर घर चालवणारा सभासद विरळाच. पाण्याच्या वावरात ऊस आणि कोरडवाहूत पऱ्हाटी, असा आपला संसार.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. तिकडचा शेतमाल इथे मोकळा यावा, हाही तिचा आग्रह होताच. तेव्हा केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, असे ठणकावून सांगितले. दिल्लीत कोणी तरी आपल्या बाजूने बोलले म्हणून आम्हालाही बरे वाटले.

पण त्याच महिन्यात, १९ तारखेपासून, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले! आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे सीतादही आटोपून पहिल्या वेच्याचा कापूस घरात येतो, नेमके तेच दिवस.

सूतगिरण्यांची अडचण खोटी नव्हती. अमेरिकेच्या कराने कापडाची निर्यात अडली, त्यांना स्वस्त रुई हवी होती. पण त्यांच्या दुखण्याचे औषध आमच्या वावरातून का काढावे?

हमीभाव आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये. पण सीसीआयच्या केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. डोक्यावर उधारी असलेला माणूस ती घरी नेत नाही, व्यापाऱ्याच्या काट्यावर रिकामी करतो. आणि व्यापारी भाव सांगतो तो परदेशी गाठीचा दर पाहून.

आता साखरेकडे पहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये साखरेवरचे आयात शुल्क १०० टक्के झाले. आमच्या मते हे कोणा मंत्र्याच्या भाषणाने झाले नाही. कारखाने आणि त्यांचे संघ दिल्लीच्या मागे लागून राहिले म्हणून झाले. नुसता आपला माणूस खुर्चीत असून भागत नाही. २००८-०९ मध्ये देशाचे साखर उत्पादन घसरून सुमारे १४५ लाख टनांवर आले. महागाई भडकली आणि २००९ मध्ये कच्ची साखर बिनशुल्क आत आली. तेव्हा कृषिमंत्री होते शरद पवार, उसाचे अर्थकारण पाठ असलेले!

खरी गोम अशी, की शुल्काची अधिसूचना अर्थखाते काढते. कृषिमंत्री शब्द देतात, कुलूप दुसऱ्याच्या हातात. कापूसवाल्यांचा मात्र साखरेसारखा संघ नाही, एकेकटा जिनिंगच्या दारात उभा.

म्हणून येत्या वार्षिक सभेत आपल्या कारखान्याने ठराव करावा, असे आम्ही सुचवतो : ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात कापसावरचे आयात शुल्क माफ होऊ नये. उसाच्या सभेत कापूस कशाला, असे कोणी विचारील, तर शेअरची रक्कम कोणत्या पिकाच्या पैशातून भरली ते त्याने आठवावे. ठरावाची एक प्रत कृषिमंत्र्यांना जाईलच. पहिली मात्र अर्थमंत्र्यांना जावी, आणि तीही वेचणीच्या आधी.