रंग बुबुळाचा, पारख खेळाची
मॅक्स शेरझर या अमेरिकी बेसबॉलपटूचा उजवा डोळा निळा आहे, तर डावा तपकिरी. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या मैदानावर असा मुलगा उतरला, तर खेळाआधी त्याच्या डोळ्यांचीच चर्चा होईल. कुणी अपशकुन म्हणेल, कुणी दैवी देणगी. हे दोन्ही समज सोडून द्यायला हवेत. बुबुळाचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. पाहण्याचं काम मागचं दृष्टिपटल आणि मेंदू करतात. निळ्या बुबुळात मेलॅनिन कमी असल्याने खान्देशच्या उन्हात तो डोळा जरा अधिक दिपेल, त्याला टोपी पुरेशी आहे. शेरझरला 2013, 2016 आणि 2017 साली सर्वोत्तम पिचरसाठीचा (चेंडू फेकणाऱ्यासाठीचा) साय यंग पुरस्कार मिळाला, तो चेंडूवरच्या हुकमतीमुळे. मग डोळ्यांचा खेळाशी संबंधच नाही का? आहे, पण तो नजरेचा. 1961 साली एका मोटार अपघातात क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. तरी टोपीची कड त्या डोळ्यावर ओढून खेळण्याची सवय त्यांनी लावून घेतली आणि 1962 मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. बुबुळाचा लहानपणापासूनचा वेगळा रंग बहुधा निरुपद्रवी असतो, तरी एकदा तपासणी करून घ्यावी. मोठेपणी रंग बदलू लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी मुलाची नजर तपासावी, मेहनत पाहावी आणि त्यावरूनच त्याला संघात घ्यावं.