कामगाराचे कान कोणाच्या हिशेबात?

यंत्राला घसारा असतो, हे प्रत्येक कारखानदाराला ठाऊक असते. माग जुना होतो, त्याची किंमत दरवर्षी घटते आणि ती घट हिशेबवहीत खर्च म्हणून रीतसर मांडली जाते. त्याच मागासमोर पाळीभर उभ्या राहणाऱ्या कामगाराचे कानही झिजत असतात. त्या झिजेची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. उत्पादनखर्चाचा एक भाग असा मुकाट्याने कामगाराच्या शरीरावर ढकलला जातो. खासगी उद्योगाचा सामाजिक खर्च म्हणून अर्थशास्त्रज्ञ विल्यम काप यांनी १९५० साली ज्याची मांडणी केली, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

ही झीज कशी होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांची साखळी ती कंपने आतल्या कानापर्यंत पोहोचवते. तेथे शंखासारखी वेटोळी असलेली, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यातील पातळ पटलावर प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. कंपनांनी त्यांचे सूक्ष्म केस वाकतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे संदेश जातो. या पटलाच्या मुखाजवळील भाग उंच स्वरांना आणि टोकाचा भाग खर्जाच्या स्वरांना प्रतिसाद देतो. या शोधासाठी गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कातडी सोलली तर नवी येते, मोडलेले हाड सांधते. पण माणसाच्या कानातील केशपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. प्रचंड गोंगाटात त्या प्रथम थकतात. पाळी सुटल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात, रात्रभरात बरे वाटते आणि कामगार निश्चिंत होतो. हेच वर्षानुवर्षे चालले म्हणजे थकलेल्या पेशी मरू लागतात. आरंभ सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासच्या उंच स्वरांपासून होतो. त्यामुळे बोलण्यातील स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने आधी निसटतात. कोणी बोलत आहे हे ऐकू येते, काय बोलत आहे ते कळत नाही. घरची माणसे म्हणतात, लक्ष नसते. आणि युनियनच्या बैठकीत तो कामगार हळूहळू मागच्या रांगेत जाऊन गप्प बसतो.

यात नवे काहीच नाही. सतत तांबे ठोकणाऱ्या व्हेनिसच्या तांबटांना बहिरेपण येते, हे इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले. १८८६ साली ग्लासगोचे डॉक्टर थॉमस बार यांनी बॉयलर बांधणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासून तेच सिद्ध केले. तेव्हा आजही हे बहिरेपण येत असेल, तर त्याला अज्ञान हे कारण पुरणार नाही.

नियमांकडे पाहावे. डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील व्यवसायसुरक्षा संशोधन संस्थेने आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलच्या गोंगाटात केवळ १५ मिनिटे थांबणे सुरक्षित ठरते. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याखालील नमुना नियमांनी आठ तासांना ९० डेसिबल आणि १०० डेसिबलला दोन तास मोकळीक दिली. याउलट २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दोन्ही मर्यादांचे हेतू वेगळे आहेत, हे मान्य. तरीही या दोहोंतील ऊर्जेचे अंतर तीन हजार पटींहून अधिक आहे. नागरिकाच्या झोपेची काळजी वाहणारी व्यवस्था कामगाराच्या कानांबाबत इतकी उदार का होते?

धोट्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये गोंगाट सुमारे ९५ ते १०० डेसिबल असतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे बारा तासांची पाळी सर्रास आहे. गोंगाटजन्य बहिरेपण हा कायद्याने व्यवसायजन्य रोग मानला आहे. भरपाईची तरतूदही आहे. पण विजेवर चालणारी शेड ‘कारखाना’ ठरण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत. २०२० च्या संहितेने ही संख्या वीस केली. लहान शेडमधला कामगार असा कारखान्याच्या व्याख्येबाहेरच पडतो. रोग अनुसूचीत आणि रोगी कायद्याबाहेर!

लहान मालक म्हणेल, हा खर्च परवडणार नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे; व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारा मागवाला स्वतःच पिळला जातो. म्हणूनच हा भार सूत पुरवणाऱ्या व्यापाऱ्यावर आणि शासनावरही पडला पाहिजे. तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेतून १९९९ पासून दोन दशके वस्त्रोद्योगाला सार्वजनिक पैसा मिळाला. अशा प्रत्येक अनुदानाला यापुढे ध्वनिपातळीची अट जोडली जावी.

कामगार संघटनांनी मजुरी, बोनस, महागाई भत्ता यांसाठी मोठे लढे दिले. मागणीपत्रात कानांना क्वचितच जागा मिळाली. आता ती द्यावी लागेल. आठ तासांना ८५ डेसिबलची मर्यादा असावी आणि ती कामगारसंख्या न पाहता लागू व्हावी. कामावर घेताना व नंतर दरवर्षी श्रवणतपासणी होऊन तिचा अहवाल कामगाराच्या हाती पडावा. यंत्रांची देखभाल, कंपन शोषणारी बैठक आणि आठ तासांची पाळी हे उपाय आधी व्हावेत. कानात बोळे देऊन मालकाने जबाबदारीतून सुटू नये. कार्यकर्त्यांनी आरंभ शेडच्या दारातून करावा. पाळी सुटल्यावर किती जणांचे कान वाजतात, एवढे जरी विचारले, तरी या मागणीपत्राचा पहिला मसुदा हाती येईल.