घरचें आरोग्य : फुप्फुसांतील बुरशी आणि रक्ताची साक्ष

पावसाळ्यांत कणगींतील ज्वारीला कुबट वास येऊं लागला म्हणजे एरंडोलच्या जुन्या घरांतून ती उन्हांत पसरतात. त्या वेळीं उडणाऱ्या धुळींत बुरशीचीं अतिसूक्ष्म बीजें असतात. निरोगी माणसाच्या श्वासाबरोबर तीं रोज आंत जातात व शरीरांतील रक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. परंतु कर्करोगाच्या औषधांनीं ज्याच्या श्वेतपेशी घटल्या आहेत, ज्याला दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलें आहे, किंवा जो दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आहे, त्याच्या फुप्फुसांत तीच बुरशी रुजते. अशा रोग्यास धान्य निवडावयास बसवूं नये, हें ओघानेंच आलें.

कोविडच्या साथीमागून आलेली म्युकर बुरशी महाराष्ट्रानें पाहिली आहे. मे २०२१ मध्यें तिला साथरोग कायद्याखालीं अधिसूचित करण्यास केंद्र सरकारनें राज्यांस सांगितलें. त्या वेळीं बोलबाला झाला तो नाक, डोळे व जबड्याचा. हीच बुरशी फुप्फुसांतहि उतरते, इकडे घरच्यांचें लक्ष क्वचितच जातें.

ताप, खोकला, छातींत दुखणें, हीं लक्षणें साध्या न्यूमोनियाचींच. पूर्ण खात्री हवी तर फुप्फुसाचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. परंतु अशा रोग्याच्या रक्तांतील प्लेटलेट पुष्कळदां घटलेल्या असतात आणि दम लागलेला असतो. सुई घालावी तर रक्तस्रावाची धास्ती! म्हणून न टोचतां, न कापतां जें कळेल त्यास मोल आहे.

साध्या क्ष-किरण चित्रांत आरंभीं कांहींच न दिसलें तरी सी.टी. स्कॅनमध्यें गांठ दिसूं शकते. ॲस्परजिलस नांवाच्या बुरशींत त्या गांठीभोंवतीं, चंद्राला खळें पडावें तसें, धूसर वलय असतें. म्युकरमध्यें पुष्कळदां उलट प्रकार : मध्य धूसर आणि कडा दाट. हें खळें थोड्याच दिवसांत विरतें. स्कॅन पुढच्या आठवड्यावर ढकलण्यांत तोटा आहे तो हाच. तथापि इतर रोगांतहि असें वलय दिसतें, म्हणून एकट्या चित्रावर भिस्त ठेवतां येत नाहीं.

दुसरी साक्ष रक्ताची. ॲस्परजिलस वाढतांना तिच्या भित्तिकेंतील गॅलॅक्टोमॅनन नांवाची शर्करा रक्तांत उतरते व ती मोजतां येते. बीटा-डी-ग्लुकन हा दुसरा पदार्थ अनेक बुरशींत सांपडतो. बुरशी आहे असें तो सुचवितो, कोणती तें सांगत नाहीं. आणि म्युकर ह्या दोन्ही चांचण्यांना चकविते! बुरशीनाशक औषध आधींच सुरू असेल तर गॅलॅक्टोमॅननहि निसटूं शकतें. 'रक्त स्वच्छ आलें' एवढ्यावर निर्धास्त होणें योग्य नव्हे.

हा भेद केवळ पंडिती नाहीं. व्होरिकोनाझोल ॲस्परजिलसवर चालतें, म्युकरवर नाहीं; म्युकरला अँफोटेरिसिन लागतें व तें मूत्रपिंडांस जाचतें.

एरंडोल महामार्गावर जळगांव आणि धुळें ह्यांच्या दरम्यान आहे. दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. धुळ्याचें जुनें, जळगांवचें २०१८ चें. रोग्यास नेतांना जुनीं चित्रें, साखरेच्या नोंदी, आणि स्टिरॉइड किती दिवस व किती घेतलें ह्याचा कागद बरोबर असावा. अहवाल येण्यापूर्वींच डॉक्टरांनीं औषध सुरू केलें, तर 'निदानाआधीं उपचार कसला?' असा वाद वडील मंडळींनीं रोग्याच्या उशाशीं घालूं नये. ह्या रोगांत 'संभाव्य' ह्या शब्दावरच पुष्कळदां उपचार करावे लागतात.