नृत्याच्या पायऱ्या आणि गुणपत्रिकेची घाई

जून महिना उजाडला, की कोथरूड, सहकारनगर, सिंहगड रस्ता या भागांतील नृत्यवर्गांत नवी नावे नोंदवली जातात. सात-आठ वर्षांची मुलगी आईचे बोट धरून येते, आणि आई विचारते, "परीक्षेला कधी बसवणार?" त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, "दहावीच्या आत किती परीक्षा होतील?" त्यात पालकांचा लोभ शोधण्याचे कारण नाही. शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण देण्याची योजना राज्य शासनानेच आखली. शासनाने वाट दाखवली आणि पालक त्या वाटेने निघाले, एवढेच. तथापि या वाटेने भरतनाट्यमची विद्या कोठवर पोहोचते, याचा विचार मध्यमवर्गीय घरांनी करावयास हवा. कारण पुण्यात ही विद्या आज प्रामुख्याने याच घरांच्या हाती आहे.

परीक्षा ही मुळात उपकारक गोष्ट होती, हे प्रथम नमूद केले पाहिजे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा संगीतविद्या घराण्यांच्या बंद दाराआड होती. क्रमबद्ध अभ्यासक्रमाने त्यांनी ते दार सर्वसामान्य कुटुंबांसाठी उघडले. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यपरिवाराने स्थापलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने ही परंपरा पुढे नेली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण आणि त्यापुढे अलंकार, ही नावे महाराष्ट्रातील कलाप्रेमी घरांत आता घरगुती झाली आहेत. या व्यवस्थेमुळेच लहान गावातील मुलीलाही आपण कोठवर आलो हे कळते.

परंतु अभ्यासक्रमाची पायरी कागदावर असते, विद्येची पायरी शरीरात असते. भरतनाट्यमचा पहिला धडा म्हणजे अर्धमंडल, ज्याला तमिळमध्ये अरमंडी म्हणतात. टाचा जुळलेल्या, चवडे बाहेरच्या दिशेला, गुडघे दोन्ही बाजूंना वाकलेले आणि पाठीचा कणा मात्र ताठ. ऐकावयास सोपे वाटते. पण लहान मुलीचे शरीर ही बैठक महिन्याभरात पेलू शकत नाही. त्यानंतर अडवू येतात. तट्टअडवूत केवळ पावलांचा आघात असतो, नाट्टअडवूत टाच आणि हातांचा विस्तार येतो. असे एकेक गट शिकत जावयाचे. गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ठेका धरतात, 'तै या तै' असे बोल उच्चारतात, आणि तोच अडवू प्रथम विलंबित, मग दुप्पट, मग चौपट गतीत करावयाचा असतो. पहिल्या काळात झाकलेली उणीव तिसऱ्या काळात उघडी पडते. बैठक उचलली जाते, गुडघे आत वळतात, आणि हे वळण एकदा अंगात मुरले की काढणे कठीण. घाईची किंमत पुढे गुडघे आणि पाठ मोजतात. एखाद्या गुरूने वर्षभर केवळ अडवूच करवून घेतले, तर पालकांनी कंटाळू नये. तो गुरू मुलीच्या शरीराची काळजी घेत असतो. चार महिन्यांत स्नेहसंमेलनासाठी 'एक नाच बसवून' देणाऱ्या वर्गाबद्दल मात्र थोडी शंका घ्यावी.

अडवूंच्या पुढचा क्रमही कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना या क्रमाला 'मार्गम्' म्हणतात. अलारिप्पुत शब्द नाहीत, कथा नाही. मान, डोळे, खांदे, हात, पाय एकेक करून जागे होतात. जतिस्वरममध्ये स्वर येतात, शब्दममध्ये प्रथमच साहित्य येते, आणि वर्णममध्ये नृत्त व अभिनय दोहोंची अर्ध्या-पाऊण तासाची कसोटी लागते. थोर नर्तकी टी. बालसरस्वती यांनी या क्रमाला मंदिराची उपमा दिली होती. गोपुर ओलांडून, मंडपांतून, टप्प्याटप्प्याने गाभाऱ्याशी जावयाचे. गोपुर टाळून गाभाऱ्यात उडी घेता येत नाही.

हा क्रम ज्या चार बंधूंनी घालून दिला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु तंजावरच्या भोसले दरबारात होते, हे पुणेकर वाचकाने ध्यानात घ्यावे. दुसरे सरफोजी राजे यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला स्थापिलेल्या या राज्यात तेलुगू आणि तमिळबरोबर मराठीही नांदत होती. स्वतः सरफोजीराजांच्या नावावर मराठी निरूपणे आहेत. एकच कथासूत्र, एकच राग आणि एकच ताल धरून शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा अनेक प्रकारांची मालिका त्यांत गुंफलेली आहे. याच राजाच्या 'देवेंद्र कुरवंजी'त तर नाट्यातून जगाचा भूगोल सांगितला आहे. शाळेत भूगोलाला कंटाळणाऱ्या मुलांना ही वार्ता जरूर द्यावी!

या साहित्याला मराठी माणसांनीच पुन्हा रंगमंचावर आणले. कोकणातून आलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील निरूपणांचा ध्यास घेऊन त्यांची नृत्यरचना केली. त्यांच्या शिष्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी पुढे तंजावर बंधूंच्या वंशातील के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिक्षण घेतले, तंजावरच्या मराठी राजांच्या रचनांवर संशोधन केले, आणि हिंदुस्थानी संगीतावर आधारलेल्या 'नृत्यगंगा' या उपक्रमातून भरतनाट्यम मराठी रसिकांच्या कानाशी जुळवून दिले. रोहिणीताई भाटे यांच्या नृत्यभारतीमुळे १९४७ पासून कथकचे शहर झालेल्या पुण्यात, 'कलावर्धिनी'च्या द्वारे भरतनाट्यमनेही असे घर केले.

मात्र 'हे आमचेच' म्हणताना एक ऋण विसरता कामा नये. ही विद्या शतकानुशतके देवदासी स्त्रियांनी आणि नट्टुवनार घराण्यांनी जतन केली. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी समर्पणाची प्रथा बंद झाली, ती व्हावयासच हवी होती. पण विद्या सांभाळणाऱ्या त्या स्त्रिया रंगमंचावरूनही बाजूला पडल्या आणि त्यांची जागा सुशिक्षित घरांतील मुलींनी घेतली. ज्या घरांना ही विद्या अशी आयती मिळाली, त्यांनी ती अर्धीमुर्धी शिकून सोडून द्यावी, हे शोभणारे नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. मुलगी आठवी-नववीत येते. दहावीच्या आत 'अरंगेत्रम उरकून घ्यावे' असा विचार घरात सुरू होतो. पूर्वी शिष्या तयार झाल्याचा निर्णय गुरू देत असत. आता नाट्यगृहाची तारीख आधी मिळते आणि तयारी तिच्या मागे धावते. चेन्नईहून वस्त्रे व अलंकार, गायक, मृदंग, व्हायोलिन, बासरी, छापील निमंत्रणे, पाहुण्यांचे जेवण असा लग्नकार्याचाच थाट असतो. ऐपत नसलेली घरेही ईर्ष्येने कर्ज काढून त्यात उतरतात, आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांची गुणी मुलगी आपण कोठेतरी कमी पडलो असे मानू लागते. अरंगेत्रम या शब्दाचा अर्थ रंगमंचावरील प्रवेश. कित्येक मुलींच्या बाबतीत तो निरोपसमारंभ ठरतो! पुढच्या जूनमध्ये घुंगरू कपाटात जातात, छायाचित्र दिवाणखान्यात लागते.

याचा दोष केवळ पालकांच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. वर्ग चालविणाऱ्या गुरूचा चरितार्थ शुल्कावर असतो. "अजून दोन वर्षे थांबा" असे सांगणाऱ्या शिक्षिकेच्या विद्यार्थिनी शेजारच्या वर्गात जातात, हा अनुभव अनेकींना येतो. थांबा म्हणणाऱ्या गुरूच्या पाठीशी पालकच उभे राहिले, तरच तिला तसे म्हणता येईल.

त्यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. दहावीच्या वर्षी वर्ग बंद करण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस चालू ठेवला, तरी बैठक टिकते. एखाद्या वर्षी परीक्षा न देता केवळ त्या वर्षाचे अडवू आणि एक पद पक्के केले, तर काही बिघडत नाही. मुलगी घरी आली की "किती गुण मिळाले" याऐवजी "आजचा बोल हातावर ताल धरून म्हणून दाखव" असे आजोबांनी म्हणावे. ताल धरून बोल म्हणता येत नसेल, तर नृत्य अजून अंगात उतरलेले नाही, हे न शिकलेल्या आजोबांनाही कळेल. पदाचा अर्थही विचारावा. तेलुगू आणि तमिळ पदे पाठ असतात, नायिका कोणावर रुसली आहे हे मात्र ठाऊक नसते, आणि अर्थाविना चेहऱ्यावर उमटतो तो केवळ आविर्भाव. ज्यांना पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात पदवीचा मार्ग दहावी-बारावीनंतरही खुला आहे. सोळाव्या वर्षी सर्व संपविण्याची निकड कोठून येते, हे कळत नाही.

अर्थाचीच अडचण असेल, तर सरफोजीराजांची निरूपणे आहेतच. मराठी बोलणाऱ्या मुलीला त्यातील शब्दाचा भाव कोणी फोड करून सांगावा लागत नाही. आजीही समोर बसून ऐकू शकते आणि नातीचा अभिनय चुकला तर सांगू शकते. पुण्यातील प्रत्येक वर्गाने वर्षाकाठी त्यातील एक शब्द किंवा एक पद शिकविण्याचे ठरविले, तरी तंजावरच्या ग्रंथालयातील ती पाने पुन्हा पावलांत येतील.