इंजिनाचा मेंदू कोणाच्या मालकीचा?

अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांच्या गॅरेजमध्ये एक उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वडिलांच्या काळातील मोटार घ्यावयाची, तिचे थकलेले इंजिन उतरवावयाचे आणि अपघातात मोडलेल्या नव्या गाडीचे इंजिन भंगाराच्या आवारातून आणून तिच्यात बसवावयाचे. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये प्रथम आणलेल्या ‘एलएस’ जातीच्या आठ सिलिंडरी इंजिनाने तर या हौसेला उधाणच आणले. लोखंडी आधार, पाण्याच्या नळ्या, धूरनळी ही कामे मनगटाच्या जोरावर पार पडतात. अडते ते निराळ्याच ठिकाणी. इंजिनाबरोबर आलेली चपटी पेटी, म्हणजे त्याचा कारखान्याने दिलेला संगणक, नव्या घरी नांदावयास तयार होत नाही.

किती इंधन फवारावयाचे आणि ठिणगी कोणत्या क्षणी टाकावयाची, हे ही पेटी ठरवते. पण तिचे नाते केवळ इंजिनाशी नसते. मूळ गाडीची किल्ली तिच्या ओळखीची असते. गिअरबॉक्स, ॲक्सिलरेटर, इंधनटाकीतील वाफ अडवणारी झडप, धूरनळीतील प्राणवायूमापक या साऱ्यांची ती वाट पाहते. ते सापडले नाहीत, तर कधी ती इंजिन सुरूच होऊ देत नाही, कधी त्याची शक्ती आवळून धरते. तिची समजूत घालण्याची साधने काही इंजिनांसाठी बाजारात मिळतात. नव्या गाड्यांत मात्र कारखान्याचे कुलूप अधिकाधिक मजबूत होत आहे. मग हौशी माणूस ती पेटीच काढून टाकतो आणि जिच्यातील तक्ते स्वतःच्या हाताने भरता येतील अशी दुसरी जोडतो. ‘मेगास्क्वर्ट’ नावाची, घरी डाख देऊन तयार करावयाची अशी पेटी या शतकाच्या आरंभापासूनच उपलब्ध आहे.

येथवर ही गोष्ट हौसेची वाटते. वस्तुतः ती मालकीहक्काची आहे आणि त्याहूनही अधिक शेजाऱ्याच्या श्वासाची आहे. मोटारीत संगणक शिरला तो चैनीसाठी नव्हे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने अमेरिकन कारखानदारांना विषारी वायूंत ९० टक्के कपात करण्यास भाग पाडले. धूर शुद्ध करणारा त्रिमार्गी उत्प्रेरक तेव्हाच नीट काम करतो, जेव्हा एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा मिळते. हा तोल क्षणोक्षणी सांभाळणे साध्या कार्बुरेटरच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून ही पेटी आली, आणि १९९६ पासून स्वतःची व उत्प्रेरकाची तपासणी करून दोष नोंदवण्याचे कामही तिच्याकडे आले. ती काढणे म्हणजे एका अर्थी घरातील पहारेकरी हाकलून देणे होय. १९९० च्या दुरुस्तीने असा हस्तक्षेप खाजगी मालकालाही निषिद्ध ठरवला, तो त्यामुळेच.

तथापि पहारेकरी कोणाचा, हा प्रश्न उरतोच. १९९८ च्या अमेरिकन कायद्याने संगणक-लेखनाचे कुलूप फोडणे हाच अपराध केला. गाडी मालकाची, पण तिच्या मेंदूतील मजकूर कारखान्याचा, अशी विचित्र वाटणी झाली. २०१५ साली वाहनमालकांना दुरुस्ती, निदान व फेरफार यांसाठी सूट द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा जुलैमध्ये खुद्द पर्यावरण संरक्षण संस्थेने तिला विरोध केला; कुलूप निघाले तर हवा बिघडेल, ही तिची भीती. आणि सप्टेंबरमध्ये फोक्सवागनचे प्रकरण बाहेर आले. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी आज्ञावली कारखान्यानेच आपल्या बंद पेटीत लिहिली होती. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत. कुंपणानेच शेत खाल्ले होते. चोरी उघडकीस येण्याचा आरंभ झाला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावर धावत्या गाडीचा धूर मोजला तेव्हा. त्याच ऑक्टोबरमध्ये ती सूट, एक वर्षाच्या विलंबाने का होईना, मंजूर झाली.

यावरून हौशी मंडळींना निर्दोष ठरवावयाचे असेल, तर तेही भाबडेपणाचे होईल. २०२० साली याच संस्थेने अंदाज दिला की, मागील दशकात ५ लाख ५० हजारांहून अधिक डिझेल पिक-अप गाड्यांची धूरनियंत्रक यंत्रणा मालकांनी काढून टाकली. गाडीत शक्ती येते ती मालकाला. धूर वाटला जातो सर्वांना. लाभ खाजगी आणि तोटा सार्वजनिक, अशा व्यवहारात बाजार आपोआप न्याय करत नाही, हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो.

मग कायद्याने पाहावे काय, पेटीवरचा शिक्का की धुराड्यातून बाहेर पडणारा वायू? कॅलिफोर्नियात गाडीत बसवलेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते आणि त्याची सारी शुद्धीकरण-सामग्री बरोबर यावी लागते. जुलै २०२१ पासून तपासणीत पेटीतील आज्ञावली मूळचीच आहे का, हेही पाहिले जाते. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत भर आहे तो धुराच्या मोजणीवर. सप्टेंबर २००२ पूर्वीच्या गाडीचे इंजिन बदलले असेल तर गाडी व इंजिन यांतील जुन्याचा निकष लावतात. ब्रिटिश पद्धत मालकाला अधिक मोकळीक देते. पण उभ्या गाडीच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडे कळत नाहीत. ती चढ चढताना, ओझे ओढताना निर्माण होतात. कारखान्याचा शिक्का तपासणे स्वस्त, धूर खरोखर मोजणे महाग, म्हणून सरकारे शिक्क्याकडे वळतात.

खरा अन्याय येथे आहे. पर्यायी पेटीला कॅलिफोर्नियाचे मान्यतापत्र मिळू शकते. चाचणीचा खर्च मात्र मोठा असतो. हजारो नग विकणारी कंपनी तो वाटून घेते, एकच गाडी असलेला मालक घेऊ शकत नाही. जनरल मोटर्सने उत्प्रेरक, प्राणवायूमापक व संगणक यांसह मान्यताप्राप्त इंजिनाचा संच स्वतःच विकावयास काढला, म्हणजे स्वच्छ धूर आणि इंजिनबदल यांत मूलतः वैर नाही. तेव्हा एका गाडीची धावत्या स्थितीत माफक शुल्कात चाचणी करण्याची सोय सरकारने करावी आणि जो उत्तीर्ण होईल त्याच्या पेटीची जात विचारू नये. जो चाचणीस गाडी आणणारच नाही, त्याला मात्र जरूर पकडावे. एरवी चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच तो प्रकार ठरतो.

भारतात या हौसेला वाव थोडा. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. परंतु कुलपाचा प्रश्न येथेही आहेच. सुटे भाग व निदान-साधने खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. जुलै २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढील चार क्षेत्रांत मोटारीही होत्या. गावातल्या मेकॅनिकला पेटीतील दोष वाचण्याचे साधन रास्त दरात मिळावे आणि पियूसी केंद्रावर उभ्या गाडीपलीकडचा धूर मोजला जावा, या दोन मागण्या एकाच वेळी करावयास हव्यात. पहिली मान्य करून दुसरी टाळली, तर डिझेल पिक-अपचा अनुभव येथेही यावयास फार काळ लागणार नाही.