आधी तहान, मग बाग

रोजा सुटतो तो खजूर आणि पाण्याच्या घोटाने. या दोहोंची किंमत वाळवंटातल्या माणसाइतकी कुणाला ठाऊक असणार? ओमानमधल्या खजुरीच्या बागा शेकडो वर्षे ज्या पाटांच्या पाण्यावर जगल्या, त्यांना तिथे ‘फलज’ म्हणतात.

डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठायचे, तिथून जमिनीखाली बोगदा काढायचा आणि हलका उतार देत पाणी गावापर्यंत आणायचे. ना मोट, ना पंप. बोगदा झाकलेला, म्हणून उन्हाने पाणी आटत नाही. सगळ्या प्रकारचे मिळून सुमारे 3,000 फलज अजून वापरात आहेत. त्यांपैकी पाच 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

पण खरी शहाणीव वाटपात आहे. पाट गावात जिथे उघडा होतो, तिथे पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. बागायतदार असो की वाटसरू, कुणीही भांडे भरून घ्यावे, पैसे नाहीत. पुढे मशिदीतल्या वुजूसाठी, मग आंघोळ-धुण्यासाठी आणि सर्वांत शेवटी शेतीसाठी. शेतीचे पाणी वेळेवर मोजतात. ‘अथर’ म्हणजे साधारण अर्ध्या तासाची पाळी. पूर्वी ती दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ठरे. काही पाळ्या खुद्द फलजच्या नावे असतात. त्यांच्या लिलावातून गाळ काढण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च भागतो.

ही व्यवस्था कित्येक दुष्काळांत टिकली. तिला धक्का दिला तो पंपांनी. ज्याच्या हाती पैसा, त्याने खोल विहीर घेतली. पाणीपातळी खाली गेली आणि अनेक फलज कोरडे पडले. आज ओमानच्या शहरांना मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करून पुरवतात. ती सोय हवीच. पण यंत्राने पाणी वाढते, वाटणीचा न्याय माणसांनाच पाळावा लागतो.

ही विद्या आपल्यालाही परकी नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, भूमिगत नहरीनेच पाणी आणले. आपण विसरलो आहोत ती पाळी.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी पैगंबरांची शिकवण आहे. हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमा विहीर विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. मग सहेरीच्या वेळी नळाला मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणाऱ्याने दिवसभराच्या तहानेतून काय मिळवले? हा प्रश्न रोजेदाराने आधी स्वतःला विचारावा. मात्र मोटर मोहल्ल्यातही आहे आणि गल्लीतही, बंगल्यातही आहे आणि चाळीतही. ती बंद करायला कोणत्याही धर्माची आडकाठी नाही. उलट, तहानलेल्याला आधी पाणी, हे सगळेच धर्म सांगतात.